‘वाईट जनुका’ची ती चौकट दुरुस्त करावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पुरवणीतील पचनसंस्थेच्या गाठींवरचा लेख आणि त्याखाली छापलेली ‘चांगली जनुके, वाईट जनुके’ ही चौकट वाचून हे पत्र लिहीत आहे. माझे थोरले बंधू अण्णा जिस्ट या पचनमार्गाच्या भिंतीत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचे रुग्ण आहेत आणि पुरवणी घरात सर्वांत आधी तेच उघडतात. चौकटीत ‘किट, एक्झॉन ९’ लाल अक्षरांत होते आणि त्यापुढे ‘आयुर्मान कमी’ एवढेच दोन शब्द. किट हे एक जनुक आणि एक्झॉन म्हणजे जनुकाचा क्रमांक दिलेला एक भाग. आपल्या रिपोर्टवरचा एक्झॉन अण्णांना पाठ आहे. त्या रात्री ते जेवले नाहीत आणि वहिनींना कारणही सांगितले नाही. पुरवणीची घडी उशाखाली सापडली तेव्हा आम्हाला कळले.

लेखकांच्या हेतूविषयी माझी तक्रार नाही. परंतु जनुकातला बदल मुळातच चांगला किंवा वाईट असतो ही त्या चौकटीमागची समजूत चुकीची आहे. याच आजारातील पीडीजीएफआरए जनुकाचा डी८४२व्ही हा बदल पाहा. हा बदल असलेल्या गाठी बहुधा जठरात असतात आणि शस्त्रक्रियेनंतर त्या उलटण्याची शक्यता तुलनेने कमी असते, म्हणून आपल्या चौकटीत तो हिरव्या रंगात आहे. मात्र गाठ पसरलेली असेल तर या आजारावरचे नेहमीचे औषध इमॅटिनिब या बदलापुढे जवळजवळ निरुपयोगी ठरते. याउलट किट जनुकाच्या एक्झॉन ११ मधील ५५७-५५८ या जागेचा तुकडा गळालेला असणे शस्त्रक्रियेनंतर गाठ परतण्याचा धोका वाढवते, पण एक्झॉन ११ चे रुग्णच इमॅटिनिबला सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. मग हिरवे कोणाला म्हणायचे आणि लाल कोणाला? गाठ कोठे आहे, किती मोठी आहे, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती वेगाने विभागताना दिसतात आणि ती पोटात फुटली होती का, हे पाहिल्याशिवाय कोणताही जाणता डॉक्टर पुढचे सांगत नाही. आपल्या चौकटीत या चारपैकी एकाचाही उल्लेख नाही.

लेखातली दुसरी चूक मला अधिक बोचली, कारण त्याच चुकीत अण्णांचे सात महिने गेले. ‘सीडी-११७ पॉझिटिव्ह म्हणजे किट जनुकात बदल आहे’ असे लेखात म्हटले आहे. सीडी-११७ चा रंग पेशीवर किट नावाचे प्रथिन आहे एवढेच दाखवतो. जनुकात बदल आहे का आणि असल्यास कोणत्या एक्झॉनमध्ये, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी बायोप्सीच्या ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर, वेगळी म्युटेशन चाचणी करावी लागते. अण्णांची गाठ लहान आतड्यात होती आणि निदान झाले तेव्हाच यकृतावर डाग होते. रिपोर्टवर ‘सी-किट पॉझिटिव्ह’ (सीडी-११७ चेच दुसरे नाव) लिहिलेले पाहून आम्ही, आणि दुर्दैवाने तेथील डॉक्टरांनीही, जनुकाची चाचणी झाली असेच धरले. रोज ४०० मिलिग्रॅम इमॅटिनिब सुरू झाले. सातव्या महिन्याच्या सीटी स्कॅनमध्ये यकृतावरचे डाग वाढलेले निघाले. दुसरे मत घ्यायला मुंबईला गेलो, तर तेथील डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “एक्झॉनचा रिपोर्ट कुठे आहे?” तो नव्हताच. जुन्या रुग्णालयाच्या लॅबमधून ब्लॉक मिळवायला मला तीन आठवडे आणि चार खेपा लागल्या. उत्तर आले एक्झॉन ९. पसरलेल्या आजारात या बदलाला ४०० ऐवजी ८०० मिलिग्रॅम दिल्यास गाठ अधिक काळ आवरलेली राहते, हे चाचण्यांतून दिसून आलेले आहे. डोस वाढवल्यावर अण्णांचे डोळे सुजायचे, पायात पेटके यायचे, परंतु वाढ थांबली आणि चौदा महिने थांबलेली राहिली. आता ते सुनिटिनिब या पुढच्या औषधावर आहेत आणि सकाळी परसातल्या झाडांना स्वतः पाणी घालतात.

म्हणजे ज्या दोन शब्दांनी त्यांची झोप उडवली, त्या जागी ‘डोस वेगळा लागतो, डॉक्टरांना विचारा’ असे छापले असते तर एखाद्या घरातले सात महिने वाचले असते. किट जनुकातील बदल जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिला आणि २००२ साली अमेरिकेत इमॅटिनिबला या आजारासाठी मान्यता मिळाली. त्याआधी ही गाठ नेहमीच्या केमोथेरपीला जवळजवळ दाद देत नसे. या आजारात जनुकाच्या चाचणीला महत्त्व आले ते प्रामुख्याने औषध निवडता येऊ लागले म्हणून, आणि नेमकी हीच बाब आपल्या लेखातून गळाली आहे.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. चाचणी महाग आहे म्हणून ती होत नाही, असे लेखात सुचवले आहे. आमच्या बाबतीत विमा कंपनीने औषधाचे बिल मंजूर केले आणि चाचणीचे नाकारले. ‘हा उपचाराचा भाग नाही’ असे पत्र आले. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी ग्लिव्हेकचे, म्हणजे मूळ कंपनीच्या इमॅटिनिबचे, पेटंट नाकारले आणि देशी इमॅटिनिब आमच्यासारख्यांच्या आवाक्यात राहिले. ते औषध किती द्यायचे हे सांगणारी चाचणी मात्र उपचारात मोजली जात नाही. या प्रश्नावर आपल्या वार्ताहरांनी अवश्य लिहावे.

माझी विनंती एवढीच आहे, की पुढच्या मंगळवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती छापावी. आतल्या पानावरचा बारीक टाइप अण्णांना आता वाचता येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज