संशोधन पद्धतीच्या तासाला ग्रंथपालही हवा

संपादक महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच सत्रात 'संशोधन पद्धती' हा चार श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) विषय आला आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या सत्रांत संशोधन प्रकल्प आला. चार श्रेयांक म्हणजे ६० तास. यातला बहुतेक वेळ गृहीतक, नमुना निवड, प्रश्नावली यांच्या व्याख्या उतरवून घेण्यात जातो. संदर्भ शोधायचे कसे, हे मात्र 'लायब्ररीत जा, मिळेल' एवढ्यावर भागते. ग्रंथालयाच्या बाजूनेही फार वेगळे चित्र नाही. सत्राच्या सुरुवातीला सभागृहात सगळे वर्ग एकत्र बसवून तासाभराचा 'ग्रंथालय परिचय', चार फोटो आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत एक अहवाल. त्या दिवशी एकाही मुलाच्या हातात विषय नसतो, त्यामुळे दाखवलेले डेटाबेस दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

आमची सूचना साधी आहे. या ६० तासांपैकी आठ तास प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांनी एकाच वर्गात, एकाच स्वाध्यायावर, मिळून घ्यावेत. दोन-दोन तासांच्या चार तासिका पुरतात.

पहिली तासिका विषय लहान करण्याची. 'मराठवाड्यातील पाणीटंचाई' असा विषय घेऊन विद्यार्थी आला की प्राध्यापकाने त्याला तालुका, कालखंड आणि मोजता येईल अशी एक बाब ठरवायला लावायची. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्यात दहा वर्षांत लागलेले टँकर. त्याच वेळी शेजारी उभ्या ग्रंथपालाने यातले काय कुठे सापडेल ते सांगायचे: अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी, जनगणनेची जिल्हा पुस्तिका. टँकरचे गाववार आकडे छापील मिळत नसतील तर तहसील कार्यालयात अर्ज करावा लागेल, आणि ते सत्र संपायच्या आत हाती येतील का, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो. एरवी विषय विभागात मंजूर होतो आणि त्याला साधनेच नाहीत हे तीन महिन्यांनी देवघेव काउंटरवर कळते.

दुसरी तासिका शोधण्याची. इथे दहा डेटाबेस दाखवायचा मोह ग्रंथपालांनी आवरावा, दोन पुरेत. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत असते, कधी रोमन लिपीत. 'ग्रामीण' हा शब्द रोमनमध्ये कोणी दोन ई घालून लिहितो, कोणी एका आयवर भागवतो. तिन्ही प्रकारे शोधल्याशिवाय 'या विषयावर काम झालेले नाही' असे वाक्य लिहू द्यायचे नाही. तिसरी तासिका टिपणे आणि संदर्भसूचीची. तिच्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच, फक्त सूचीची पद्धत एकच ठरवा आणि विभागातल्या सर्वांनी ती पाळा.

चौथी तासिका साम्यता अहवालाची, म्हणजे मजकूर आधीच्या लेखनाशी किती टक्के जुळतो हे सॉफ्टवेअरने काढलेल्या अहवालाची, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंध-शोधनिबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पुढे ४० आणि ६० टक्के असे टप्पे आहेत. त्यामुळे सगळ्यांचे डोळे त्या एका आकड्यावर. पण श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला, तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. युनिकोडमधल्या, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर म्हणूनच कळणाऱ्या, मूळ मजकुराशी तिचे काहीच जुळत नाही, साम्य शून्याच्या आसपास येते, आणि मार्गदर्शकही खूश, विद्यार्थीही खूश. म्हणून पहिल्या मसुद्यापासून युनिकोडचीच सक्ती हवी. शेवटी कन्व्हर्टरने बदलून घेऊ म्हणाल तर जोडाक्षरे आणि रफार तुटतात आणि मुद्रितशोधनात आठवडा जातो. इंग्रजी लेखाचे यंत्राने केलेले मराठी भाषांतर मात्र युनिकोड असूनही सॉफ्टवेअरच्या हाती लागेलच असे नाही. ते विषय जाणणाऱ्या प्राध्यापकालाच परिभाषेवरून ओळखू येते. फॉन्टची भानगड ग्रंथपालाने पकडायची आणि भाषांतराची प्राध्यापकाने, म्हणून त्या टेबलाशी दोघेही हवेत.

या तासिका उभ्या राहतात त्या सत्राआधीच्या बैठकांवर. तासाभराच्या तीन बैठका लागतात. पहिलीत स्वाध्याय ठरवायचा. दुसरीच्या आधी ग्रंथपालाने तो स्वतः करून पाहायचा, म्हणजे ६० विद्यार्थ्यांना लागणाऱ्या पुस्तकाच्या दोनच प्रती आहेत हे आधी कळते आणि त्या घरी न देता वाचनकक्षात राखीव ठेवता येतात. तिसरीत गुणदान: अंतर्गत गुणांपैकी दहा गुण शोधाच्या नोंदवहीला (काय, कुठे, कसे शोधले याच्या नोंदी) ठेवावेत, आणि ते ग्रंथपालाने द्यावेत. गुण नसतील तर नोंदवही आदल्या रात्री एकाच बैठकीत भरली जाते. लॉगिनचेही तसेच. महाविद्यालयांना ई-पुस्तके व ई-नियतकालिके देणारी एन-लिस्ट असो की सरकारी संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली संशोधन-नियतकालिकांची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', विद्यार्थ्यांची यादी आणि ई-मेल आधी गोळा केले नाहीत तर दोन तासांची तासिका पासवर्ड शोधण्यातच संपते.

ही योजना फसते ती ठरावीक ठिकाणी. प्राध्यापक वर्ग ग्रंथालयात पाठवून स्वतः स्टाफरूममध्ये थांबले, की मुले त्या तासाला 'ऑफ' समजतात. ग्रंथपाल एकटाच असेल तर दोन तास देवघेव बंद ठेवावी लागते. तेव्हा परिचराला काउंटर शिकवून ठेवणे आले. सर्वांत अवघड प्रश्न तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांचा. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासांचे. नियोजनाच्या तीन बैठका त्यांनी फुकट कराव्यात, ही अपेक्षा गैर आहे. विद्यापीठाने परिपत्रक काढून त्या बैठका कार्यभारात धराव्यात.

ग्रंथपालांचीही अशीच अडचण. यूजीसीच्या २०१८ च्याच, पण नेमणूक-पदोन्नतीच्या वेगळ्या नियमावलीत ग्रंथपालाच्या मूल्यमापनाची सुरुवात होते ती ग्रंथालयातल्या उपस्थितीच्या टक्केवारीपासून. वाचकांसाठी लघु अभ्यासक्रम आखणे खाली कुठेतरी येते, पण प्राध्यापकाबरोबर त्याच्या विषयाच्या वर्गात शिकवण्याला वेगळा रकाना नाही. वेळापत्रकात दोघांची नावे छापली, तर पदोन्नतीच्या फाइलीला लावायला निदान कागद तरी राहील.

प्रशिक्षणाची सोय नव्याने उभारावी लागणार नाही. यूजीसीच्या मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत आज प्राध्यापकांचे उजळणी वर्ग विषयवार होतात आणि ग्रंथपालांचे वेगळे. एका वर्गात जोडीने प्रवेश द्या: एक प्राध्यापक, एक ग्रंथपाल, सोबत स्वतःच्या महाविद्यालयात शिकवला जाणारा एक पेपर. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात २०११ पासूनच्या 'इम्पॅक्ट' कार्यक्रमात प्राध्यापक आपला कोर्स नव्याने बांधतात, आणि त्या गटात ग्रंथपालही असतात. आपल्याकडे निम्मे झाले तरी चालेल, पण जोडीने परत जाताना स्वाध्याय, साधनांची यादी आणि गुणदानाचा तक्ता तयार हवा. नुसते प्रमाणपत्र नको.

अभ्यास मंडळांना एवढीच विनंती की पुढच्या वेळी संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम सुधारताना एका ग्रंथपालाला निमंत्रित म्हणून बोलवावे, आणि ते या आठ तासांचा आराखडा मंजूर होण्याआधी.

– एक ग्रंथपाल व एक प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर