अर्धवेळ कामगाराची हजेरी पूर्ण दिवसाची भरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सकाळी सात ते अकरा सोसायटीचे जिने पुसणाऱ्या मावशी, रुग्णालयात संध्याकाळी चार तास स्वच्छतेला येणाऱ्या ताई, शाळेत एकाच सत्रापुरत्या येणाऱ्या सेविका. पुण्यातल्या कंत्राटदारांच्या मस्टरवर अशी अर्धवेळ माणसे भरपूर आहेत. पगार चार-पाच हजारांच्या घरात. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू असतो. तरीही महिनाभर अंथरुणाला खिळल्यावर भत्ता मागायला गेले की ‘दिवस भरत नाहीत’ असे ऐकावे लागते. दिवस प्रत्यक्षात भरलेले असतात. ते निम्मे होतात कंत्राटदाराच्या ऑफिसात, पगाराच्या एक्सेल शीटवर. ही चूक इतकी सर्रास होते आणि इतक्या सहज टाळता येते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

ईएसआयमध्ये कामाच्या तासांची अट नाही. विमा लागू असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन घेणारा प्रत्येक जण, दिव्यांग असल्यास २५,००० रुपयांपर्यंत, विम्याखाली येतो. मग तो आठ तास काम करो की तीन. वेतनाच्या ३.२५ टक्के मालक भरतो, ०.७५ टक्के कामगाराचे कापले जातात. आजारपणाच्या भत्त्यासाठी मात्र दिवसांची अट आहे: सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. एप्रिल ते सप्टेंबर या काळातल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला भत्ता ठरतो आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. ज्या दिवसाचे वेतन मिळाले किंवा मिळायला हवे होते, तो एक दिवस. त्या दिवशी चार तास काम झाले की आठ, हे कोणी विचारत नाही. ईएसआयसीच्या, म्हणजे राज्य कामगार विमा महामंडळाच्या, पोर्टलवर महिन्याची माहिती चढवण्यासाठी मालकाला जी एक्सेल फाइल मिळते, तिच्या सूचनांतच लिहिले आहे की दिवस पूर्णांकात भरा आणि अपूर्णांक आला तर पुढचा पूर्ण आकडा घ्या.

आता हिशेब पाहा. महिन्याचे २६ दिवस, रोज चार तास, पगार ४,५०० रुपये. पोर्टलवर २६ दिवस गेले तर सहा महिन्यांत १५६ होतात, म्हणजे अटीच्या बरोबर दुप्पट. पण एजन्सीचे बिल ‘ड्यूटी’वर चालते. आठ तासांची एक ड्यूटी, चार तासांची हाफ ड्यूटी. सोसायटीला बिल करताना २६ हाफ ड्यूट्यांच्या १३ ड्यूट्या होतात. ते योग्यच आहे, कारण तो दराचा प्रश्न आहे. पगाराचा क्लार्क मात्र तोच १३ चा आकडा उचलून ईएसआयच्या रकान्यात टाकतो. सहा महिन्यांचे १३ प्रमाणे ७८. म्हणजे ती बाई उंबरठ्यावर येऊन उभी राहते. एका महिन्यात दोन खाडे झाले की १२ दिवस लागतात, बेरीज ७७ होते आणि त्या कामावर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत भत्ता मिळत नाही. लेकराच्या तापापायी घरी राहिलेले ते दोन दिवस.

याच चुकीचा आणखी एक फटका बसतो. रोजचे सरासरी वेतन १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचा हिस्सा माफ असतो, फक्त मालकाने भरायचा. ४,५०० भागिले २६ म्हणजे १७३ रुपये. या बाईच्या पगारातून एक पैसाही कापायला नको. दिवस १३ लावले की सरासरी ३४६ होते आणि दरमहा ३४ रुपये कापले जातात. रक्कम किरकोळ वाटेल, पण वेतनचिठ्ठी हातात आली की चूक ओळखायची हीच पहिली खूण आहे: दिवसाला १७६ पेक्षा कमी पडत असताना ईएसआय कापलेला दिसला, तर दिवस चुकीचे भरले गेले आहेत, असे समजावे.

दिवस कमी लावल्यावर भत्त्याचा रोजचा दर वाढतो, त्यात कामगाराचेच हित आहे, असे काही जण सांगतात. दर सरासरी वेतनाच्या ७० टक्के असतो, त्यामुळे कागदावर तो १२१ ऐवजी २४२ दिसतो, हे खरे. पण मुळात पात्रताच गेली तर त्या दराचे करायचे काय? शिवाय खरी माहिती भरणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. कोणाला काय फायद्याचे पडेल ते पाहून आकडे लावायचे नसतात.

शाळांमधल्या अर्धवेळ सेविकांचे हाल सर्वांत वाईट. त्यांचा एप्रिल-सप्टेंबरचा काळ उन्हाळी सुट्टी खाऊन टाकते. १५ जूनला शाळा उघडल्यापासून सप्टेंबरअखेर रविवार आणि सणवार वजा जाता साधारण ८५ दिवस हाती लागतात, एप्रिलचे थोडे वेगळे. पूर्ण दिवस मोजले तर ७८ पार होतात. निम्मे केले तर पन्नाशीच्या आसपास अडकतात, आणि मग नियमाने कितीही इमानदारीने काम केले तरी उपयोग नाही. प्रसूती लाभाला आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवस पुरतात, म्हणून तिथे ही चूक सहसा उघडी पडत नाही आणि वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

आठवड्यातून तीनच दिवस, पण पूर्ण आठ तास काम करणाऱ्यांनी विशेष जपावे. २६ आठवड्यांचे तीन-तीन दिवस म्हणजे नेमके ७८. तिथे एकही खाडा परवडत नाही. काम तेवढेच असेल आणि वेळ ठरवण्याची मुभा असेल, तर आठवड्याचे चोवीस तास तीन दिवसांत उरकण्यापेक्षा चार किंवा सहा दिवसांत पसरून घ्यावेत. मुलाखतीच्या वेळीच हे बोलून घेतलेले बरे.

कामगाराने काय करावे? उमंग ॲपवर ईएसआयसीच्या सेवेत आपला दहा आकडी विमा क्रमांक टाकला की महिनावार वर्गणी आणि दिवस दिसतात. दर महिन्याच्या १५ तारखेनंतर एकदा पाहावे, कारण मागच्या महिन्याचे पैसे भरण्याची मुदत १५ पर्यंत असते. आपल्या हजेरीच्या वहीशी किंवा कॅलेंडरवरच्या खुणांशी आकडा ताडून बघावा. फरक दिसला तर सुपरवायझरकडे तोंडी न बोलता लेखी द्यावे आणि पोच घ्यावी. तरीही हालचाल झाली नाही तर वेतनचिठ्ठ्या, बँकेचे पासबुक आणि हजेरीचे फोटो घेऊन बिबवेवाडीच्या पंचदीप भवनात, म्हणजे ईएसआयसीच्या पुणे कार्यालयात, तक्रार द्यावी. नोकरी बदलली की जुनाच विमा क्रमांक नव्या मालकाला सांगावा. नवा क्रमांक निघाला तर दिवस दोन खात्यांत विभागले जातात आणि दोन्हीकडे अपुरे पडतात.

नोकरी सोडताना मालकाने पोर्टलवर ‘नोकरी सोडली’ हे कारण आणि शेवटचा दिवस टाकला की नाही, तेही पाहावे. हे न झाल्यामुळे बायकांची कोंडी होते. ई-श्रम कार्ड आणि प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन या योजना ईएसआय किंवा पीएफचे सदस्य असलेल्यांसाठी नाहीत. मानधन योजनेत १८ ते ४० वयात नोंदणी करून वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरले, तर केंद्र सरकार तेवढीच भर घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये पेन्शन मिळते. पण ईएसआयच्या नोंदीत जी बाई ‘नोकरीत’ आहे आणि दिवस न भरल्याने ईएसआयचा भत्ताही जिला मिळत नाही, ती दोन्हीकडून बाहेर राहते.

ईएसआय कापला की रेशन आणि लाडकी बहीण बंद होते, अशी भीती वस्त्यांमध्ये पसरली आहे आणि त्या भीतीने काही जणी रोख पगाराचा आग्रह धरतात. तसा नियम नाही. दोन्हीकडे कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. लाडकी बहीण योजनेत ही मर्यादा अडीच लाख आहे: नवऱ्याचे १५,००० आणि बायकोचे ४,५०० धरले तर वर्षाचे २ लाख ३४ हजार होतात, म्हणजे त्या आत. तिने आणखी १,५०० चे काम धरले तर २ लाख ५२ हजार. वर्षाला १८,००० वाढतात आणि योजनेचे तेवढेच जातात. जास्त कष्ट करून हाती शून्य.

रेशनची मर्यादा तर याहून अन्यायकारक आहे. प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला जेमतेम ४,९१७. पूर्ण वेळ किमान वेतन घेणारी एकटी व्यक्ती ती ओलांडते. माणशी पाच किलो धान्यासाठी बायकांनी काम नाकारावे किंवा उत्पन्न लपवावे, अशी वेळ या आकड्याने आणली आहे. तो बदलायलाच हवा, आणि दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढायला हवा.

विम्याच्या बाबतीत मात्र नवा कायदा नको, आहे तो पाळला तरी पुरे. ईएसआयसीच्या पुणे कार्यालयाने हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी एजन्सींना ‘हाफ ड्यूटी म्हणजे एक दिवस’ असे स्पष्ट मराठी परिपत्रक पाठवावे. पोर्टलवर पगार कमी आणि दिवस नेमके १३ असतील, तर मालकाला खुलासा विचारणारी सूचना यावी. कामगाराला दर महिन्याला मराठीत एसएमएस जावा: या महिन्यात तुमचे इतके दिवस लागले. हिंजवडी, खराडीतल्या कंपन्या, मोठी रुग्णालये आणि शाळा यांनी कंत्राटदाराचे बिल पास करताना चलनाच्या पावतीवर न थांबता माणसागणिक दिवसांची यादी मागावी आणि आपल्या गेटवरच्या हजेरीशी ताडावी. कायद्याने कंत्राटी कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी अखेर मुख्य मालकावरच, म्हणजे कंत्राटदाराकडून काम करून घेणाऱ्या संस्थेवरच, येते.

सप्टेंबरचे चलन १५ ऑक्टोबरपर्यंत भरायचे असते. जानेवारी ते जूनचा भत्ता कोणाला मिळेल, हे त्या दिवशीच ठरून गेलेले असते. फाइल चढवण्याआधी क्लार्कने दिवसांचा रकाना मस्टरशी एकदा लावून पाहायला शंभर माणसांमागे अर्धा तासही लागत नाही.

कळावे.
आपला,
एक कामगार सल्लागार, धनकवडी, पुणे