पर्सनल गिटार क्लासचे पैसे घेऊन चौघांच्या बॅचमध्ये बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: उरलेली फी व गिटारची किंमत परत मिळण्याबाबत

महोदय,

माझी मुलगी सहावीत आहे आणि भाचा इंजिनिअरिंगला. दोघांसाठी आपल्या लातूर केंद्रात पर्सनल गिटार क्लासची तीन महिन्यांची फी मी एकरकमी भरली. एका वेळी एकच विद्यार्थी, पहिल्या तासाला त्याची तयारी बघून पुढचं शिकवणं, आणि अगदी नवख्यापासून चांगलं वाजवणाऱ्यापर्यंत सगळ्यांची सोय, असं आपल्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. यातलं एकही आम्हाला मिळालेलं नाही. पहिल्या आठवड्यापासून एका खोलीत चौघं बसतात आणि सर एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतात.

बॅच म्हणजे काय, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. बारावी आणि नीटच्या शिकवणीसाठी अख्ख्या मराठवाड्यातून पोरं इथं येऊन राहतात. तिथं भरगच्च वर्ग चालतो, कारण फळ्यावरचं उतरवून घेता येतं. गिटारमध्ये हात बघावा लागतो. अंगठा गिटारच्या मानेच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, मागं कुठं टेकलाय, मनगट किती मुडपलंय, बोट फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या आडव्या धातूच्या, पट्टीला लागून पडतंय की मधेच, हे समोर बसून बघणारं माणूस हवं. बोट पट्टीपासून लांब पडलं की तार झणझणते, पोर आणखी जोर लावतं, आणि तीच सवय हाताला लागते. एवढ्यासाठीच आम्ही बॅचपेक्षा कितीतरी जास्त फी मोजली.

माझ्या मुलीला दुसऱ्याच आठवड्यात एफचा बार कॉर्ड दिला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर). त्यात पहिल्या बोटानं सहाही तारा एकदम दाबायच्या असतात; मोठ्यांनासुद्धा तो बसायला वेळ लागतो. बाकीचे तिघं तिथवर पोचले होते, म्हणून हिलाही तोच. वर केंद्रातूनच घ्यायला लावलेली गिटार मोठ्या मापाची आणि स्टीलच्या तारांची. तिच्या वयाला पाऊण मापाची, नायलॉनच्या तारांची चालली असती, पण तसं कुणी सुचवलंच नाही. भाच्यानं घरी तपासलं तर बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवून सरकवता आली. एवढ्या उंच तारा दाबताना बोटांच्या टोकांवर फोड आले. नव्या शिकणाऱ्याची बोटं सुरुवातीला दुखतात हे मला माहीत आहे; इथं तिला नको तेवढा त्रास झाला आहे. आता ती गिटार कव्हरमधून काढतच नाही. आई म्हणून मला पैशांपेक्षा हे जास्त लागलं आहे.

गिटार सुरात लावायलाही तासात वेळ नसतो. सासरे भजनात पेटी वाजवतात. त्यांनी मोकळ्या तारा पेटीवर ताडून पाहिल्या. जाड सहावी तार पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला, म्हणजे पांढरी तीनला, यायला हवी, ती बरीच उतरलेली होती. इतर तारांचंही तेच. बेसुऱ्या तारांवर पोरगी सराव करत होती, आणि नीट वाजत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत होती.

भाच्याचं उलटं. तो आधीपासून वाजवतो, त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचायला शिकून लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षेची तयारी करायची आहे. हे प्रवेश घेतानाच लिहून दिलं होतं. त्याच्याकडून अजून जी, सी, डी हे अगदी सुरुवातीचे कॉर्ड घोटवून घेतात.

सरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माणूस कष्टाळू आहे, हातही सुरेख आहे. एका तासात चौघं घ्या असं वरूनच सांगितलं असेल तर त्यांनी काय करावं? या पत्राचा राग त्यांच्यावर काढू नये, ही विनंती.

केंद्राला विचारलं की मुख्य कार्यालयाशी बोला म्हणतात, मुख्य कार्यालय केंद्राकडं बोट दाखवतं. पावतीवर ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलंय, एवढं एकच उत्तर दोघांकडून मिळतं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष सेवेचे पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर मुदत दिलेली नसेल तर त्यासाठी 30 दिवस धरले जातात. पावतीवरच्या एका ओळीनं ही जबाबदारी झटकता येत नाही.

मुलीची उरलेली फी परत करावी आणि गिटार परत घेऊन तिची पूर्ण किंमत द्यावी. भाच्याला अजूनही त्याच सरांकडं शिकायचं आहे. त्याला एकट्याला, त्याच्या तयारीप्रमाणं शिकवणार असाल तर तसं लेखी द्यावं आणि वाया गेलेले तास भरून द्यावेत. नसेल तर त्याचीही उरलेली फी परत हवी.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. आपलं मुख्य कार्यालय बाहेरगावी असलं तरी ग्राहक जिथं राहतो तिथं तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क लागत नाही.

आपली,
विद्यार्थिनीची आई, लातूर

सोबत: फीच्या दोन्ही पावत्या, गिटारचं बिल, माहितीपत्रक व भाच्याच्या प्रवेश अर्जाची प्रत, बाराव्या फ्रेटचा फोटो