मास्क आधी स्वतःला का, हेही सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विमान धावपट्टीकडे निघाले की होणारी सुरक्षेची उद्घोषणा नेहमीच्या प्रवाशांना तोंडपाठ असते आणि बहुधा म्हणूनच ती कोणी ऐकत नाही. केबिनमधील हवेचा दाब कमी झाल्यास मास्क खाली येतील, तो आधी स्वतःला लावा आणि मग इतरांना मदत करा, एवढे तीत सांगितले जाते. तसे का करायचे, याबद्दल मात्र अवाक्षरही नसते. माझा आक्षेप याला आहे.

विमान ३५,००० फुटांवर असताना आतला दाब किमान ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा राखलेला असतो. तो एकाएकी नाहीसा झाला, तर माणसाला शुद्धीवर राहून काही करण्यासाठी ३० ते ६० सेकंदच मिळतात. त्यात वाईट भाग असा, की प्राणवायूची उणीव दुखत नाही आणि जीव घुसमटल्यासारखाही फारसा होत नाही. उलट सारे काही ठीक आहे असे वाटत असतानाच हाताची बोटे ऐकेनाशी होतात. आधी लेकराला घास भरवून मग स्वतः जेवणाऱ्या आईला ‘आधी तुझा मास्क लाव’ असे नुसते सांगितले, तर ती ते मनावर घेणार नाही. मुलाच्या मास्कशी झटापट करताना आपलीच शुद्ध हरपली तर दोघांनाही मास्क लागणार नाही, याउलट काही क्षण बेशुद्ध झालेले मूल मास्क लावताच सावरू शकते, हे कळले तरच तिला ती सूचना पटेल.

ही भीती काल्पनिक नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात इंजिनांकडून केबिनला हवा पुरवणारा स्विच सुरू करायचा राहून गेला. मास्क खाली आले, १६६ प्रवाशांपैकी सुमारे तीस जणांना त्रास झाला, कोणाच्या नाकातून तर कोणाच्या कानातून रक्त आले आणि विमान मुंबईला परतले. ते फार उंच गेलेले नव्हते, म्हणून एवढ्यावर निभावले. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील लार्नाकाहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या बोइंग ७३७ मध्ये तसे झाले नाही. देखभालीच्या वेळी दाबनियंत्रणाचा स्विच ‘मॅन्युअल’वर ठेवला गेला होता आणि तो तसाच राहिला, त्यामुळे केबिनचा दाब आपोआप राखला गेला नाही. धोक्याचा भोंगा वाजला. पण जमिनीवर असताना उड्डाणाच्या तयारीत चूक झाली की वाजणारा भोंगाही त्याच आवाजाचा असल्याने वैमानिकांचा गैरसमज झाला. त्यांनी स्वतःचे मास्क लावलेच नाहीत. ऑटोपायलटने विमान ३४,००० फुटांवर नेले, वैमानिक बेशुद्ध झाले, प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू संपला आणि इंधन संपल्यावर विमान ग्रॅमॅटिको गावाजवळ कोसळले. १२१ जणांपैकी कोणीही वाचले नाही. वैमानिकांनी पहिल्या काही सेकंदांत मास्क चढवणे आणि मग विमान वेगाने १०,००० फुटांच्या आसपास उतरवणे, यावर बाकी सगळ्यांचा जीव अवलंबून असतो. प्रवाशांच्या डोक्यावरचा प्राणवायू बऱ्याच विमानांत १२ ते १५ मिनिटेच पुरतो, कारण तो तेवढ्या उतरण्यापुरताच दिलेला असतो.

ते उतरणे फार तीव्र असते आणि प्रवाशांना विमान कोसळते आहे असेच वाटते. बऱ्याच विमानांत मास्क ओढल्यावर डोक्यावरच्या उपकरणात रासायनिक क्रियेतून प्राणवायू तयार होतो, ते उपकरण तापते व काहीतरी जळल्यासारखा वास येऊ शकतो. मास्कची पिशवी फुगलेली दिसेलच असे नाही. यातले काही ठाऊक नसेल, तर घाबरून मास्क काढून टाकणारे निघणारच. १७ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सच्या विमानाचे इंजिन फुटून खिडकी निखळली, तेव्हाच्या छायाचित्रात अनेकांचे मास्क केवळ तोंडावर होते, नाक उघडेच. उद्घोषणा त्यांनीही ऐकली असणार!

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांकडून या उद्घोषणेत तीन गोष्टींची भर घालून घ्यावी: हाताशी अर्ध्या ते एक मिनिटाचाच वेळ असतो, मास्कने नाक आणि तोंड दोन्ही झाकले पाहिजे आणि त्यानंतर विमान झपाट्याने खाली येईल, ते वैमानिक मुद्दाम आणत असतात. प्रवासी घाबरतील ही कंपन्यांची सबब मला पटत नाही. समुद्रात उतरावे लागल्यास लाइफ जॅकेट कसे घालावे, हे त्या रोज न संकोचता दाखवतातच. महाराष्ट्रातून सुटणाऱ्या विमानांत हे हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही सांगितले जावे, कारण पहिल्यांदाच विमानात बसलेल्या आजी-आजोबांना ते कळायला हवे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे