गज्या, चिंचेखालची गोष्ट सांगू का?

नॉर्मन, ओक्लाहोमा
26 मे

प्रिय गज्या,

काका गेल्याचा तुझा मेसेज येऊन चार महिने झाले आणि मी त्यावर नुसते जोडलेले हात टाकले. फोन केला नाही. तू वाट पाहिली असशील. दोनतीनदा नंबर लावून कट केला, कारण तू "काका गेले" म्हणशील, मग आपण दोघंही गप्प बसू आणि त्या गप्प बसण्यात ती बैलजोडी येऊन उभी राहील हे मला ठाऊक होतं. माफ कर बे.

तब्येत ठीक, शुगर गोळीवर आहे. हिचं पण ठीक.

आज लिहितोय ते परवाच्या दिवसामुळे. इथं कोणाला सांगून उपयोग नाही, आणि हिला सांगायचं तर आधी तुला विचारावं लागतं.

परवा वादळाच्या अंदाजात पाचातली तिसरी पायरी होती. अख्ख्या अमेरिकेसाठी हा अंदाज आमच्याच गावातून निघतो आणि आमच्या पोरीचं, चिमीचं, हवामानाचं कॉलेज त्याच बिल्डिंगमध्ये, हे तुला माहीतच आहे. टॉर्नेडोची शक्यता 10%. तू म्हणशील, दहाच ना? पण त्याचा अर्थ असा की आपण उभे आहोत तिथून 40 किलोमीटरच्या आत एखादा उतरायची शक्यता दहात एक, आणि एरवी ती जवळपास शून्य असते. चिमी दुसऱ्या वर्षाला आहे, तिनंच मला हे शिकवलं. ती मला काही शिकवायला लागली की तुझी आठवण येते, तू मला त्रैराशिक शिकवताना असाच खेकसायचास.

दुपारी 35 डिग्री, पण आपलं कोरडं 35 नाही. खाली मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट हवा, शर्ट अंगाला चिकटलेला, आणि वर दीडदोन किलोमीटरवर पश्चिमेच्या पठारावरून आलेल्या गरम कोरड्या हवेचा थर. तो थर झाकणासारखा बसतो. हे लोक त्याला कॅपच म्हणतात. खालची हवा तापते, फुगते, वर जायला बघते आणि झाकणाला अडून परत येते. म्हणून ऊन जास्त म्हणजे वादळ जास्त असं काही नसतं, जुलैमध्ये तर झाकण इतकं पक्कं होतं की महिना महिना ढग दिसत नाही, नुसता भाजत राहतो माणूस. आणि मे महिन्यात ते टिकणार का फुटणार हाच सगळा प्रश्न. त्यासाठी रोज सकाळ-संध्याकाळ हवा मोजणारे फुगे सोडतात, अशा दिवशी जास्तीचे सोडतात, तरी शेवटी दोन डिग्रीनं इकडचं तिकडे होतं. उशिरा एखाद्याच जागी फुटलं तर तो एकटा ढग आजूबाजूची सगळी दमट हवा पिऊन घेतो, वाटेकरी कोणी नसतो त्याला.

पाच वाजले, साडेपाच वाजले, आकाश स्वच्छ. शेजारचा म्हणाला, आज काही नाही, हे लोक उगाच घाबरवतात. मी मागच्या अंगणात उभा होतो आणि वारा पडला. गज्या, तोच वारा. म्हणजे वारा नसणं. पाखरांचा आवाज नाही, पान हलत नाही, मे अखेरच्या नवतप्यात सेलूच्या रस्त्यावर व्हायचं तसं. माझे पाय तिथंच गोठले. हिनं आतून तीन हाका मारल्या म्हणे, मला एकही ऐकू आली नाही.

सव्वासहाला चिमीचा फोन. "बाबा, ओरडू नका." लायब्ररीत जाते म्हणून गेली होती. ती आणि तिच्या वर्गातले तिघं पश्चिमेला चिकाशाच्या पलीकडे, ढगाच्या मागे गाडी घेऊन. आधी लिंबाएवढ्या गारा, मग मोसंबीएवढ्या, समोरची काच पूर्ण तडकलेली, एका पोराच्या हाताला लागलेलं. टॉर्नेडो उतरला नाही. पेट्रोल पंपाच्या छताखाली उभे होते. मागे तो आवाज येत होता, पत्र्यावर दगड ओतल्यासारखा.

मी ओरडलो नाही. "तिथंच थांबा, येतो," म्हणालो आणि गेलो. येताना पण काही बोललो नाही. आता ही माझ्याशी दोन दिवस बोलत नाहीये. तिचं म्हणणं, पोरगी खोटं बोलून मरायला गेली आणि बाप एक शब्द बोलत नाही. तिचं बरोबरच आहे. इथून तासाभरावर एल रेनो, 2013 मध्ये 31 मे ला तिथं जो टॉर्नेडो झाला तो एका वेळी चार किलोमीटरहून रुंद होता, आणि त्यात गेलेल्यांपैकी तीन जण वर्षानुवर्षं हाच अभ्यास करणारे होते. नवशिके नव्हते. हे चिमीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, आणि तरी गेली.

ते 2013 तुला आठवतं ना, आपलं भांडण? 20 मे ला इथून जवळ मूर गावात टॉर्नेडो झाला, इशारा 2:40 ला निघाला आणि 2:56 ला तो जमिनीला टेकला, 24 माणसं गेली, त्यात शाळेतली सात लेकरं. चिमी तेव्हा आठ वर्षांची. आणि तीनच दिवसांनी नागपूर 47.9. तू फोनवर म्हणालास, तुमचं वादळ टीव्हीवर दिसते, आमचं ऊन कोणाले दिसते? मला राग आला आणि मी फोन ठेवला. आता वाटतं तू खरं बोलत होतास. उन्हानं गेलेल्या माणसाचा ढिगारा दिसत नाही.

आणि 2019. पाचातली पाचवी पायरी, शाळा बंद, चिमी दिवसभर सायकलचं हेल्मेट घालून कपाटात, आणि आमच्याकडे काहीच आलं नाही. लोक चिडले. ती बाहेर आली ते विचारत, "पण का नाही आलं?" सगळे सुटलो म्हणून खूश आणि ही पोरगी रडवेली. तेव्हाच ठरलं तिचं.

म्हणून मी तिला कसं रागावू बे? आपण वावधन सुटलं की घरी बसायचो का? जोडी चिंचेला बांधून कैऱ्या वेचायला पळालो तेव्हा कोणाला विचारलं होतं? दोर कोणी बांधला यावरून आठवीत आपण दिवाळीपर्यंत बोललो नाही. मीच बांधला होता गज्या. तुला माहीत होतं, तरी भांडताना तू कधी "तूच" म्हणाला नाहीस.

चिमीच्या पुस्तकात मी वाचलं, वीज झाडावर पडली की जमिनीतून पसरते, आणि गुराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणून करंट एकीकडून चढून दुसरीकडून उतरतो, मधे काळीज. त्या रात्री जेवलो नाही. काका तेव्हा म्हणाले, दोर तोडून गेली असतील बिचारी सावलीला, आणि आपण मान हलवली. नव्या जोडीचं कर्ज त्यांनी किती वर्षं फेडलं ते तूच सांगितलंस मला.

केळझरच्या गणपतीची शपथ आहे, दोघांनी मिळून घेतलेली, म्हणून एकट्यानं मोडत नाही. मला चिमीला सांगायचंय. झाडाचं, जोडीचं, काकांसमोर मान हलवल्याचं, सगळं. तिला जाऊ नको म्हणणार नाही, ते तिचं काम आहे. पण खोटं सांगून गेलेला माणूस पुढं चाळीस वर्षं काय घेऊन फिरतो ते तिला माझ्याकडूनच कळायला पाहिजे.

पोराचा बारावीचा निकाल काय लागला? वहिनींचा गुडघा? कूलरचा सीझन जोरात असेल, स्वतःच्या दुकानात एक कूलर स्वतःसाठी पण लाव रे, मागच्या वेळी व्हिडिओत गिऱ्हाईक तुला वारा घालत होतं.

काकूंना सांगायचं की नाही ते तू ठरव, तो हक्क तुझा. मी फक्त चिमीपुरतं विचारतोय. "सांग" एवढंच लिहिलंस तरी चालेल. रात्र असली तरी पाठव, मी जागाच असतो.

तुझा,
बाळ्या