कांदा खा, पण गोळी सोडू नका

महोदय,

कांद्याने हृदयातले ब्लॉक विरघळतात, असे संदेश आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर सारखे फिरत असतात. त्या भरवशावर माझ्या एका स्नेह्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद केली, म्हणून हे पत्र.

कांद्यात क्वेर्सेटिन हे फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणाऱ्या रसायनांचा एक गट) भरपूर असते, हे खरे. नेदरलँड्समधल्या झुटफेन शहरातील वृद्ध पुरुषांच्या १९९३च्या अभ्यासात चहा, कांदा व सफरचंदातून फ्लेव्होनॉइड अधिक घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले. पण ते निरीक्षण होते, औषधाची चाचणी नव्हे.

धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायुपेशी एरवी आकुंचन-प्रसरण सांभाळतात. आतल्या अस्तराला इजा झाली, चरबी साठू लागली, की त्या आत सरकतात आणि भराभर वाढून धमनी अरुंद करतात. प्रयोगशाळेत क्वेर्सेटिन ही वाढ रोखते. मात्र याच पेशी चरबीच्या गाठीवर तंतुमय आवरणही विणतात. ते पातळ होऊन फाटले की रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो. म्हणजे या पेशी निव्वळ शत्रू नाहीत! शिवाय काचेच्या बशीत पेशींवर घातलेले क्वेर्सेटिन वेगळे आणि आतडे-यकृतातून रूप पालटून, अगदी थोडे, रक्तात उतरणारे वेगळे.

आहारात कांदा, फळे, भाज्या जरूर असाव्यात. पण आरोग्य पुरवणीत असे दावे छापताना ‘प्रयोग पेशींवर की माणसांवर’ एवढे तरी नमूद करावे, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, नाशिक