डायलिसिसवरील रुग्णांची त्वचा कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डायलिसिसवरील रुग्णांना अंगभर खाज सुटणे, कातडी कोरडी पडून काळवंडणे, रक्त गोठू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या हेपारिनमुळे जरा कुठे लागले तरी काळेनिळे डाग उठणे हे इतके नेहमीचे असते की, त्वचेवरच्या कोणत्याही नव्या खुणेची ‘डायलिसिसमध्ये असे व्हायचेच’ म्हणून बोळवण होते. माझ्या वडिलांच्या डाव्या कानामागच्या गाठीचीही तशीच झाली. मटारच्या दाण्याएवढी, लालसर-जांभळी, तुकतुकीत, दाबली तर टणक. दुखत नव्हती, खाजतही नव्हती, म्हणून आम्ही गळू समजून मलम चोपडत राहिलो. दीड महिन्यात ती दुप्पट झाली तेव्हा कुठे तिचा तुकडा तपासणीला गेला आणि ‘मर्केल सेल कार्सिनोमा’ हे नाव आम्ही प्रथमच ऐकले.

हा त्वचेचा कर्करोग दुर्मीळ आहे खरा, पण तो झपाट्याने वाढतो आणि लवकर लसिकाग्रंथींत पसरतो. २००८ मध्ये त्याच्या पेशींत एक पॉलिओमा विषाणू सापडला. हा विषाणू असंख्य निरोगी माणसांच्या त्वचेवरही निमूट नांदत असतो. मात्र उतारवय, वर्षानुवर्षे अंगावर घेतलेले ऊन आणि खचलेली प्रतिकारशक्ती या गोष्टी रोगाच्या पथ्यावर पडतात. मूत्रपिंड निकामी झाल्यावर प्रतिकारशक्ती मंदावतेच. पुढे प्रत्यारोपण झाले तर ती औषधांनी मुद्दाम दाबावी लागते, त्यामुळे अशी गाठ त्याआधीच नजरेस येणे अधिक निकडीचे ठरते.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास रुग्ण केंद्रात डोळ्यांसमोर असतो. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फरस यांची चोख नोंद होते. पण नजर असते ती मशीनवर आणि फिस्टुलाच्या (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी जोडलेल्या रक्तवाहिन्यांच्या) हातावर, बाकीचे शरीर पांघरुणाखाली. दर तीन महिन्यांनी टाळू, कान, मान, पाठ आणि पाय पाहून त्याच फाइलमध्ये दोन ओळी लिहायला किती वेळ लागेल? न दुखणारी, पण आठवड्यागणिक वाढणारी गाठ दिसली, तर मलमाच्या नादी न लागता रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाकडे धाडावे, एवढेच मागणे आहे.

वडिलांची शस्त्रक्रिया झाली असून सध्या किरणोपचार आणि डायलिसिस यांच्या वेळा जुळवण्यात आमचे दिवस जातात. परवा शेजारच्या खाटेवरील आजोबांनी मान वळवून, ‘माझ्याही कानामागे जरा बघता का?’ असे विचारले. मी पाहिले, पण मी डॉक्टर नाही, नर्सही नाही.

आपला,
एका डायलिसिस रुग्णाचा मुलगा